वाचकांचे प्रश्न : कुकरची शिटी, कूलरची खिडकी आणि दीपनगरचा पांढरा ढग

उन्हाळा आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप उष्णतेकडे वळतो, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत मे महिना काढलेल्या माणसाला त्याचे नवल वाटू नये. या वेळी सहा पत्रे निवडली आहेत. सहाही जण वेगवेगळे प्रश्न विचारत असले तरी बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे : हिशेब कोणत्या जागेचा मांडायचा, हे त्यांनी आधी ठरवलेले नाही. शेताचे उत्पन्न मोजण्याआधी बांध कुठला ते पाहावे लागते. उष्मागतिकीत, म्हणजे उष्णता आणि कार्य यांचा हिशेब मांडणाऱ्या शास्त्रात, अशा बांध घातलेल्या जागेला प्रणाली म्हणतात, बांधाबाहेरच्या सगळ्याला परिसर म्हणतात आणि प्रत्यक्ष बांधाला सीमा. बांधावरून केवळ ऊर्जा ये-जा करत असेल तर प्रणाली बंद, पदार्थही ये-जा करत असेल तर खुली.

अमळनेरहून एक गृहिणी विचारतात : तुरीची डाळ शिजताना कुकरची पहिली शिटी झाली की सासूबाई गॅस बारीक करतात. माझे म्हणणे असे की आच मोठी ठेवली तर डाळ लवकर शिजेल. आमच्या दोघींत बरोबर कोण?

सासूबाई. डाळ शिजते ती ज्योतीच्या उंचीवर नव्हे, तर पाण्याच्या तापमानावर. पाणी आणि वाफ एकत्र नांदत असतात तेव्हा एका ठरावीक दाबाला एकच तापमान असते, त्यात आपल्या इच्छेला वाव नसतो. उघड्या पातेल्यात हे तापमान सुमारे १०० अंश सेल्सियस राहते. कुकरच्या शिटीचे वजन आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होऊ देते, आणि त्या दाबाला पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. शिटी होईपर्यंत कुकर ही बंद प्रणाली असते. आच आत येते, वाफ बाहेर जात नाही, म्हणून दाब आणि तापमान दोन्ही चढत राहतात. शिटी उचलली गेली की तीच खुली प्रणाली होते, आणि त्यानंतर आच कितीही वाढवली तरी वाढीव उष्णता फक्त पाण्याची वाफ करून बाहेर घालवण्यात खर्च होते. वाफेच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २२०० किलोज्यूल याप्रमाणे आपला गॅस स्वयंपाकघराच्या छताला लागतो आणि डाळ मात्र १२० अंशांवरच असते.

या प्रश्नात उष्णता आणि तापमान यांतला फरकही आला आहे, म्हणून दोन वाक्ये अधिक लिहितो. ‘डाळीत उष्णता साठली’ असे आपण सहज बोलतो, पण शास्त्राच्या भाषेत ते चुकीचे आहे. बाजार समितीत धान्य फाटकातून आत येते तेव्हा त्याला आवक म्हणतात, गोदामात ठेवल्यावर तो साठा होतो, आणि गोदामात उभे राहून ‘येथे आवक किती आहे’ असे कोणी विचारत नाही. उष्णता हे सीमा ओलांडताना दिलेले नाव आहे, आत जे साठते ती अंतर्गत ऊर्जा. कार्य, म्हणजे ढकलून, दाबून किंवा घुसळून दिलेली ऊर्जा, हे त्याच सीमेवरचे दुसरे फाटक. १८४०च्या दशकात जेम्स जूल यांनी उतरत्या वजनांच्या जोरावर पाण्यात पंखे फिरवले आणि आचेशिवाय, केवळ घुसळण्याने, पाणी किती तापते ते मोजले. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ ज्यूल हा आकडा त्या मार्गाने हाती आला. साठ्यातला फरक म्हणजे दोन्ही फाटकांवरची आवक वजा जावक, एवढाच बंद प्रणालीचा पहिला नियम आहे.

जळगावहून एक निवृत्त वाचक लिहितात : नवा कूलर घेतला आणि थंड हवा वाया जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या. पहिली वीस मिनिटे सुखाची गेली, नंतर अंग चिकट होऊन जीव घाबरा झाला. दुकानदार म्हणतो, खिडकी उघडा. थंड हवा बाहेर सोडून खोली थंड कशी राहील? आणि तोच कूलर पावसाळ्यात निकामी का होतो?

दुकानदाराचे बरोबर आहे. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात मीही भाड्याच्या खोलीत हाच प्रयोग केला होता आणि मध्यरात्री उशी घेऊन गच्चीवर गेलो होतो.

कूलर हे उष्णता खोलीबाहेर काढणारे यंत्र नाही, हे आधी पक्के करावे. ओल्या वाळ्यातून किंवा गवताच्या जाळीतून कोरडी हवा ओढली जाते, थोडे पाणी वाफ होऊन हवेत मिसळते आणि त्या वाफेला लागणारी अप्रकट उष्मा, म्हणजे किलोमागे सुमारे २४३० किलोज्यूल, ती हवाच स्वतःच्या अंगातून देते. हवेचे तापमान उतरते, ओलावा चढतो, आणि दोन्ही मिळून ऊर्जेची बेरीज जवळजवळ तेवढीच राहते. या उताराला तळ असतो. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यावर धरल्यास पारा जेथे थांबतो तो हा तळ, त्याला आर्द्र तापमान म्हणतात. मे महिन्यात दुपारी हवा ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर आर्द्र तापमान सुमारे २३ अंश येते. चांगला कूलर या २१ अंशांच्या उताराचा चार-पंचमांश भाग सहज उतरतो आणि २७ अंशांच्या आसपासची हवा देतो. जुलैमध्ये हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के झाली की तळच २९ अंशांवर येऊन बसतो. उतरायला तीनच अंश उरतात, तेथे कूलर तरी काय करणार?

आता बंद खोलीकडे पाहू. तीच हवा पुन्हा पुन्हा वाळ्यातून फिरल्याने ती काही मिनिटांत ओलाव्याने भरून जाते. तापमान सुरुवातीला खाली येते हे खरे, पण भरलेल्या हवेत आणखी पाणी वाफ होत नाही. ना कूलरचे, ना आपल्या अंगावरच्या घामाचे. त्याच वेळी तापलेल्या भिंती, छत आणि माणसे खोलीत उष्णता ओतत असतात, आणि ती वाहून नेणारे कोणी उरलेले नसते. म्हणून कूलर खुली प्रणाली म्हणूनच चालवावा लागतो. त्याची पाठ खिडकीबाहेरच्या कोरड्या हवेकडे असावी, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडे असावे, म्हणजे वापरलेली दमट हवा तिथून निघून जाईल.

पाण्याचाही हिशेब मांडून ठेवतो. तासाला ३००० घनमीटर हवा ओढणारा कूलर वरच्या परिस्थितीत तासाला वीस-बावीस लिटर पाणी हवेत सोडतो, आणि टँकरच्या दिवसांत हा आकडा घरच्यांनी लक्षात ठेवलेला बरा. माठही हेच करतो, फक्त पंख्याविना. म्हणून तो कपाटाच्या कोपऱ्यात न ठेवता वारा लागेल अशा सावलीत, तिवईवर ठेवावा.

नंदुरबारहून अकरावीतील एक विद्यार्थी : डिसेंबरात पहाटे ११ अंश होते, मेमध्ये दुपारी ४४. म्हणजे मे महिना चौपट गरम असतो का?

नाही. सेल्सियसचे शून्य हे बर्फ वितळण्याच्या सोयीच्या जागी ठोकलेली खुंटी आहे, तापमानाचा तळ नव्हे. विहिरीतले पाणी मधल्या पायरीपासून मोजून ‘दुप्पट झाले’ म्हणण्यासारखे ते होईल. तळापासून मोजणारी श्रेणी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेले गृहस्थ, यांनी १८४८ मध्ये सुचवली. तिच्यावर हे दोन आकडे २८४ आणि ३१७ आहेत, म्हणजे वाढ सुमारे १२ टक्क्यांची. वायूचा दाब, यंत्राची कार्यक्षमता, अशा कोणत्याही सूत्रात तापमानांचा भागाकार आला की केल्विनच वापरावे. माझ्या शिकवण्याच्या काळात सर्वाधिक गुण याच एका चुकीने गेलेले मी पाहिले आहेत.

रावेरहून एक केळी व्यापारी : पिकवण खोलीसाठी घेतलेल्या शीतयंत्रावर ‘५ टन’ लिहिले आहे. विजेचा भार ६ किलोवॅट आहे. विक्रेता सांगतो की यंत्र साडेसतरा किलोवॅट उष्णता बाहेर काढते. ६ घालून साडेसतरा कसे निघतात? आणि ५ टन म्हणजे ५ टन केळी का?

शेवटचा भाग आधी घेतो, कारण त्यात फसगत होऊ शकते. हा टन केळीचा नाही, बर्फाचा आहे. यंत्रे नव्हती तेव्हा थंडावा बर्फाच्या लाद्यांनी विकत मिळत असे. २००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा, अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो तो वेग म्हणजे शीतकरणाचा एक टन. किलोमागे ३३४ किलोज्यूल धरून हिशेब केल्यास तो सुमारे ३.५ किलोवॅट येतो, आणि पाच टनांचे साडेसतरा होतात.

आता ६ आणि साडेसतरा यांचे. विक्रेता खोटे बोलत नाही. आपण बांध चुकीच्या जागी घातला आहे. यंत्र वीज खाऊन थंडावा निर्माण करत असते तर आपली शंका रास्त ठरली असती, पण ते उष्णता एका जागेहून दुसरीकडे नेते. विहिरीवरचा पंप विजेतून पाणी बनवत नाही, असलेले पाणी खालून वर आणतो, तसेच हे. यंत्राभोवती सीमा आखा : खोलीतून साडेसतरा आत आले, तारेतून ६ आत आले, आणि बाहेरच्या जाळीतून साडेतेवीस बाहेर गेले. हिशेब चोख जुळतो. पाणी आपण होऊन वर चढत नाही, तशी उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे जात नाही, हे रुडॉल्फ क्लाउसियस यांनी १८५०च्या दशकात नियम म्हणून मांडले. ती न्यायची असेल तर कार्य खर्चावे लागते, आणि विहीर जितकी खोल तितके ते अधिक. खोलीतील १७ अंश आणि बाहेरचे ४४ ही आपली विहीर. बाहेरची जाळी पत्र्याच्या बंद खोपटात ठेवली तर तिच्याभोवतीची हवा आणखी तापते आणि आपण स्वतःच विहीर खोल करतो. ती सावलीत, मोकळ्या हवेवर बसवून घ्यावी.

किती टनांचे यंत्र लागेल याचा अंदाज असा करतात. १० टन केळी ३२ अंशांवरून १७ अंशांवर एका दिवसात आणायची तर, केळीची विशिष्ट उष्मा, म्हणजे एका किलोचे तापमान एका अंशाने बदलायला लागणारी उष्णता, सुमारे ३.४ किलोज्यूल धरून, सुमारे ६ किलोवॅट सतत काढावे लागतात. भिंतींतून आत येणारी उष्णता वेगळी. त्याखेरीज केळी जिवंत असते, पिकताना श्वसन करते आणि स्वतःची उष्णता सोडते, हा भार अनेक जण हिशेबातच धरत नाहीत. मात्र घाईने पारा १३ अंशांखाली नेऊ नये. साल काळवंडते आणि माल बाजारात उभा राहत नाही.

भुसावळहून अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी : वरणगावकडे जाताना दीपनगरच्या औष्णिक केंद्रातील रुंद मनोऱ्यांतून पांढरे लोट निघताना दिसतात. तो धूर आहे का? पुस्तकात अशा केंद्राची कार्यक्षमता ३८ टक्क्यांच्या आसपास दिली आहे. कोळशाची निम्म्याहून जास्त उष्णता फेकून देणे हा अभियंत्यांचा आळस नव्हे का?

धूर उंच, सडपातळ चिमणीतून जातो. कमरेला निमुळते असलेले रुंद मनोरे पाणी थंड करण्यासाठी असतात आणि त्यांच्या माथ्यावर दिसतो तो पाण्याच्या बारीक थेंबांचा ढग. थंडीत तो दाट दिसतो, मेच्या कोरड्या हवेत विरून जातो. आतली युक्ती वर सांगितलेल्या कूलरचीच आहे.

आळसाचा आरोप मात्र मागे घ्यावा लागेल. बाष्पित्रात पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, संघनित्रात तिचे पुन्हा पाणी होते आणि पंप ते पाणी बाष्पित्रात परत ढकलतो. पाण्याभोवती सीमा आखली तर ही बंद प्रणाली चक्राकार फिरत राहते. प्रश्न असा की संघनित्र काढूनच टाकले आणि सगळ्या उष्णतेचे कार्य करून घेतले तर? १८२४ मध्ये सादी कार्नो या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच अभियंत्याने एका छोट्या पुस्तिकेत दाखवून दिले की गरम आणि थंड अशी दोन टोके असल्याखेरीज उष्णतेपासून सतत कार्य मिळत नाही, आणि जास्तीत जास्त किती मिळेल हे फक्त त्या दोन तापमानांवर ठरते. दीपनगरच्या संचांसारख्या यंत्रात वाफ सुमारे ५४० अंशांची, म्हणजे ८१३ केल्विनची असते आणि संघनित्र सुमारे ४५ अंशांवर, म्हणजे ३१८ केल्विनवर.

येथे एन्ट्रॉपी उपयोगी पडते. तिचे वर्णन ‘अव्यवस्था’ असे करून पुस्तके मोकळी होतात. यंत्र समजून घ्यायला मला त्या शब्दाचा कधीच उपयोग झाला नाही. क्लाउसियस यांनी १८६५ मध्ये हे नाव दिले तेव्हा त्यामागे साधा भागाकार होता : सीमा ओलांडणारी उष्णता भागिले त्या ठिकाणचे निरपेक्ष, म्हणजे केल्विनमधले, तापमान. ८१३ केल्विनला ८१३ किलोज्यूल आत घेतले की त्यांच्याबरोबर एन्ट्रॉपीचे एक एकक आत आले. टर्बाइनच्या दांड्यातून जाणारे कार्य आपल्याबरोबर एन्ट्रॉपी अजिबात नेत नाही. चक्र पुरे होऊन पाणी मूळ स्थितीला यायचे असेल तर हे एक एकक बाहेर टाकलेच पाहिजे, आणि ते टाकण्याचा मार्ग उष्णता टाकणे हाच आहे. ३१८ केल्विनला एक एकक टाकायला ३१८ किलोज्यूल खर्ची पडतात. उरले ४९५, म्हणजे ६१ टक्के. हे निर्दोष यंत्राचे. खऱ्या यंत्रात सगळी उष्णता ८१३ केल्विनला आत येत नाही, कारण पाणी त्याहून बऱ्याच कमी तापमानाला तापते आणि उकळते. शिवाय टर्बाइनमध्ये घर्षणाने नवी एन्ट्रॉपी तयार होते आणि चिमणी आपला वाटा घेऊन जाते. ६१ वरून ३८ वर येण्याची वाट ही अशी आहे.

५०० मेगावॅटच्या एका संचाचे उदाहरण घेतले, तर कोळशातून सुमारे १३०० मेगावॅट उष्णता सोडावी लागते आणि संघनित्रातून ढोबळमानाने ६०० मेगावॅट बाहेर जातात. ही सगळी उष्णता पाण्याची वाफ करूनच हवेत घालवली असे धरले, तर सेकंदाला सुमारे २५० किलो पाणी उडून जाते. औष्णिक केंद्रे नदी-धरणाशेजारी का बांधतात, याचे मुख्य कारण हे आहे.

इतकी उष्णता दुसऱ्या कामी का लावत नाहीत, असेही आपण पुढे विचाराल. ती आहे चाळीस-पंचेचाळीस अंशांची, आणि मे महिन्यात बाहेरची हवाही तेवढीच असते. दोन्ही टोके एका तापमानाला आली की तिच्यातून कार्य शून्य मिळते, परिमाण कितीही मोठे असो. थंड देशांत थोडी जास्त गरम ठेवलेली अशी उष्णता नळांवाटे घरे तापवायला नेतात. आपल्याकडे तिचा खरा उपयोग साखर कारखान्यांना साधला आहे : उसाच्या चिपाडावर केलेली वाफ टर्बाइन फिरवून पुढे रस आटवायला जाते. दीपनगरच्या दृष्टीने थंड टोक अधिक थंड मिळणे एवढेच हाती असते, आणि म्हणून तोच संच मेपेक्षा डिसेंबरात थोडा अधिक चांगला चालतो.

चोपड्याहून एक तरुण शेतकरी : विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नाही. मग ते पेट कसे घेते? आणि थंडीत पहाटे हँडल मारून हात भरून येतात तरी ते सुरू का होत नाही?

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापलेले आपल्या हाताला लागले असेल. आच कोणी दिलेली नसते. हवेवर कार्य झाले, उष्णता बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, म्हणून सगळी आवक अंतर्गत ऊर्जेच्या साठ्यात जमा झाली. इंजिनात हेच फार जोराने होते. दुपारची ४५ अंशांची हवा दाबून तिचे आकारमान अठराव्या हिश्श्यावर आणले तर आदर्श हिशेबाने ती सातशे अंशांवर जाते, आणि अशा हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले ते याच तत्त्वावर.

पहाटे ११ अंशांची हवा त्याच हिशेबाने सव्वासहाशे अंशांपर्यंत जायला हवी, आणि पेट घ्यायला तेवढे पुरेसे आहे. अडचण ‘वेळ मिळाला नाही’ या अटीत असते. गारठलेले सिलिंडर हवेची उष्णता शोषून घेते, गोठल्यासारख्या जाड तेलामुळे हँडल हळू फिरते, आणि जितके हळू फिरेल तितकी उष्णता भिंतींना आणि हवा रिंगांच्या फटींतून निसटते. म्हणून झडप उघडी ठेवणारा खटका वर करून आधी गती घ्यावी, चाक जड फिरू लागले की मग खटका पाडावा. आमच्या विहिरीवर वडील पहाटे इंजिनाच्या जॅकेटमध्ये बादलीभर कढत पाणी ओतत आणि मगच हँडलला हात लावत. खटका पाडल्यावर पिस्टन वर येताना हाताला जोराचा विरोध जाणवायला हवा. तो जाणवत नसेल तर दाब कोठेतरी निसटतो आहे, तेव्हा आणखी हँडल न मारता मिस्त्रीला बोलावून रिंगा आणि झडपा आधी पाहून घ्याव्यात.